पट्टी उतरली तेव्हा

देव आहे की नाही यावर मी कधी डोकं चालवलं नाही, पण त्या वर्षी गणपतीशी माझं बोलणं बंद होतं. गळ्यातली गाठ काढल्यापासून माझा वरचा आवाज गेला होता. बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. यांच्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्यात भवानीपूरला राहत होतो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपुढे पेटीवर बसून भजनं मीच म्हणायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघींत मान होता तो गळ्यामुळे. ऑपरेशननंतर रोज सकाळी पेटीवर काळी चारला, माझ्या जुन्या उंच पट्टीला, सूर लावून बसायची, आणि रोज वरच्या षड्जाला आवाज फाटायचा.

चतुर्थीच्या सकाळी मंडळाच्या चिटणिसांच्या बायको मालतीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुम्ही झांजा घ्या. गाण्याचं आम्ही बघतो."

"आज मीच गाणार," मी म्हटलं. "आवाज फाटला तर पुन्हा पेटीला हात लावणार नाही."

बोलून बसले खरी. पण संध्याकाळी मंडळाची पेटी काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. वाटलं, गणपतीचीच इच्छा नाही. दर्शनाला आलेली एक म्हातारी बंगाली बाई दाराशी बसली होती, कोणाच्याच ओळखीची नव्हती. आमची धावपळ पाहून "आमारटा नाओ, मा", माझी घे, असं म्हणाली आणि समोरच्या घरातून स्वतःची पेटी आणवली. पेटी मी पुढे ओढतेय तोच दिवे गेले. ते तिथं रोजचंच होतं. समईच्या उजेडात गणपती दिसत होता, पेटी दिसत नव्हती. सवयीने काळी चारवर बोट ठेवलं, तर सूर निघाला पार खालचा. तिकडच्या काही पेट्यांत पट्ट्यांची अख्खी रांग सरकवता येते. बोटं जुन्याच जागी राहतात, सूर मात्र उतरतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा खटपट करायला वेळ नव्हता, लोक बसले होते. मनात गणपतीला म्हटलं, देतोस ते दे, आणि सुरू केलं.

आवाज जाड होता, मलाच अनोळखी. पण तो कुठे अडकला नाही. वरच्या षड्जाला गेले, तो लागला, आणि मी तिथे ठाण मांडून राहिले. दुसऱ्या कडव्याला मागून पुरुषांचे आवाज आले. इतकी वर्षं माझ्या उंच सुरात ते नुसत्या टाळ्या वाजवत. त्यांचा गळा तिथे पोचतच नसे. त्या दिवशी अख्खी खोली गायली. दिवे आले तेव्हा झांजा मालतीबाईंच्या हातात होत्या आणि त्या ठेक्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी पेटी परत करायला गेले आणि म्हातारीला विचारलं, सूर इतका खाली का ठेवलाय. मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा गला नीचे गया, तो बाजा भी नीचे किया. ठाकुर को सुनने में कोई असुविधा नहीं." ठाकुर म्हणजे तिकडे देव.

मी देवाकडे जुना आवाज मागत होते. तो त्याने आजतागायत दिलेला नाही. दिला तो दुसराच, आणि त्यावर मी पुढे कितीतरी वर्षं गायले, शिकवलंही. त्याचे उपकार मानते, त्या बाईचेही. आता म्हातारपणी आवाज आणखी उतरलाय. मी भांडत बसत नाही. पट्टी खाली सरकवते, नमस्कार करते आणि म्हणायला लागते.