मॅडमचा रिकामा डबा

सामंत मॅडम गेल्याचा निरोप प्रशिक्षणाच्या ग्रुपवर आला, तेव्हा आई त्यांच्या डब्यात नाचणीचे लाडू भरत होती. दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून मी तो तीन आठवडे ठेवून घेतला होता. आधी परीक्षा होती, मग नाचणी दळायची राहिली...

घाटकोपरच्या एका कॉलेजातल्या त्या प्रशिक्षणात मॅडम आम्हाला पेशीचं चयापचय संगणकावर मांडायला शिकवत. पेशी काय खाते, त्याचं आत काय होतं, त्यावर ती किती वाढते, हे सगळं समीकरणांत बसवायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. दोन दिवस मी माउसला हातही लावला नाही, शेजारणीच्या स्क्रीनवरचं वहीत उतरवत राहिले. मॅडमनी माझी वही मिटली. "लिहून पोहता येतं का गं? चालव. बिघडलं तर बिघडलं, पेशी काय खरी मरत नाही."

तिसऱ्या दिवशी माझी पेशी वाढली, सगळ्यांपेक्षा जास्त. मी घाबरतच हात वर केला. मॅडमनी एका ओळीत तिचं सगळं खाणं बंद केलं आणि पुन्हा चालवायला सांगितलं. तरी ती वाढतच होती.

"बघ, हवा खाऊन जगतेय तुझी." सगळे हसले. मग त्या स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. "आकडा चांगला आला ना, की आधी उपाशी ठेवून बघायचं. उपाशी राहूनही ठीक दिसत असेल, तर कुठेतरी चुकतंय." दोघींनी तासभर शोधलं. एकाच दिशेने जाणारी एक क्रिया मी उलट दिशेनेही मोकळी सोडली होती, त्यातून तिला फुकटची ऊर्जा मिळत होती.

त्या दुपारपासून त्या आपला डबा माझ्यापुढे सरकवू लागल्या. मालाडला आमच्याकडे मी निघायच्या वेळीच नळाला पाणी येतं, त्यामुळे डबा होत नसे. मी बिस्किटांवर भागवते, हे त्यांनी पाहिलं असणार. "आणि तुम्ही?" मी विचारायचे. "मला सकाळचंच जड झालंय. खा गं, काका रोज जास्त भरतात." पोळ्या, दुधीची भाजी, कधी वालाची उसळ... मी सगळं संपवून डबा विसळून द्यायचे. हात वर केला की त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत. मला वाटायचं, मापाच्या नसतील.

शेवटच्या दिवशी डबा माझ्याकडेच राहिला.

गेल्या रविवारी, आईने पुन्हा लाडू केल्यावर, मी तो घेऊन मुलुंडला त्यांच्या घरी गेले. काकांनी, म्हणजे मॅडमच्या यजमानांनी, पाणी दिलं. पोटातला आजार कळायला फार उशीर झाला, म्हणाले. मग डब्याकडे बघत म्हणाले, "घरी घास उतरत नव्हता तिला. पण डबा रोज रिकामा यायचा, बाळा. म्हटलं, मुलांत बसून जेवते ना, मग ठीक आहे."

मी सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "नीट जेवत जा." मी तो खाल्ला. निघताना डबाही त्यांनी मलाच दिला. त्यात कोकमं भरली होती.

डबा आता माझ्या टेबलावर असतो. कुठलीही पेशी चालवायच्या आधी मी तिचं खाणं बंद करते आणि वाढ शून्य येईपर्यंत थांबते. मग डब्याकडे लक्ष जातं. समोर बसून जमलं नाही, म्हणून इथे लिहिते... काका, तो डबा रोज मी संपवत होते.