फाट्यावरचं सरकार

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती खाप्याकडची होती आणि सावनेरच्या अलीकडच्या फाट्यावर रोज दिसायची, माझ्यासारखीच नागपूरच्या कॉलेजात जाणारी. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. पासवाली पोरं दिसली की सकाळची एसटी थांबतच नसे. आमची हजेरी इतकी घसरली, की परीक्षेला बसता येईल की नाही याची धास्ती होती.

वर्गात तेव्हा संघराज्याचा धडा चालू होता. मी शहाणपणानं तिला विचारलं, "दिल्ली मोठी की मुंबई?"

"मले दोन्ही माहीत नाही गा. आपलं सरकार म्हणजे ही एसटी. थांबली तं हाये, नाही थांबली तं नाही."

डिसेंबरात अधिवेशनासाठी मुंबईचं सरकार नागपुरात आलं. तिनं फाट्यावरची सगळी पोरं सीताबर्डीला मोर्चात नेली. मंत्री बाहेर येऊन फाट्यावर एसटी थांबेल असा शब्द देईपर्यंत ती रस्त्यावरून उठली नाही.

पुढच्याच सोमवारी एसटी धुरळा उडवत आली आणि चक्क थांबली! पोरांनी पत्र्यावर थापांचा पाऊस पाडला. तिनं पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि दारातल्या कंडक्टरला म्हणाली,

"बाजूले व्हा भाऊ, सरकार चढून राहिलं."