बिननंबरी बंदूक

निजामाच्या राजवटीत मी परभणीच्या कचेरीसमोर लोकांचे उर्दू अर्ज लिहीत बसे. तिथं झरीचा एक म्हातारा दर तारखेला यायचा. आजाची, वात पेटवून उडवायची तोड्याची बंदूक धोतरात गुंडाळून आणायचा आणि ती उलगडण्याआधी पायातलं काढून ठेवायचा. ती वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, पूजेसाठी बाहेर निघे. तिचा बार उडालेला त्याच्या बापानंही ऐकला नव्हता.

पण नवा हुकूम आला होता. नंबर नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर कैद. ही बंदूक घडवली तेव्हा नंबर घालायची रीतच नव्हती, असं मी कचेरीत परवान्यांचं काम बघणाऱ्या पेशकारसाहेबांना सांगून पाहिलं.

"तेव्हा नसेल," ते म्हणाले, "आता आहे."

पुढच्या तारखेला म्हातारा हसतच आला. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून त्यानं नळीवर झोकदार नंबर कोरून आणला होता. कोरीव काम ताजं दिसताच साहेबांनी नंबर बनावट ठरवला, बंदूक जप्त केली, आणि जप्तीच्या पावतीवर तोच नंबर लिहिला.

"जप्तीला चालला," म्हातारा मला म्हणाला, "मंग घरी ठिवायला का चालंना?"

कायद्याचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली होती, तरी मी नुसती पावतीची घडी घालून त्याच्या हातात दिली.

खंडेनवमीला सकाळी मी घरी दौत-लेखणीची पूजा मांडली होती. म्हातारा आला, त्यानं दौतीशेजारी पावती ठेवली आणि तिच्या अगदी कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

"मधोमध लावा की," मी म्हणालो.

"नगं मालक. नंबर झाकला तर परत गुन्हा व्हायचा."