बसता येईल का?

"आई, मी सोमवारपेक्षा जाड झालेय का गं?"

माझ्या सात वर्षांच्या मुलीने, इराने, दात घासता घासता हे विचारलं, चूळ भरली आणि जाऊन झोपली. ती झोपली. मी नाही. पुढचे तीन दिवसही माझी झोप अशीच गेली. त्यातच तिचा डबा रोज अर्धा परत यायला लागला होता. आता यात सोमवार कुठून आला, हे विचारायचं मला सुचलंच नाही. 'जाड' हा शब्द ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच येईना!

संशय मात्र लगेच आला. दुकानावर.

आमच्या टॉवरच्या मागेच जुनं कोलशेत गाव आहे, तिथे भारतीताईंचं ब्लाऊज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. मी तिथे दुपारचे तीन तास बसते. गिऱ्हाईक मोबाईलवर हिरोइनीचा नाहीतर कुठल्यातरी फॅशन शोचा अंधुक फोटो दाखवतं, तो बघून मी कागदावर नीट चित्र काढते. पात्रता विचाराल तर एम.कॉम. आणि शाळेत असताना दिलेली इंटरमिजिएट ड्रॉईंग. बी ग्रेड.

अशा दुकानात किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. कापायच्या टेबलाखाली चिंध्या साठतात तसे ते साठतात. रोज थोडं थोडं पडतं आणि एक दिवस पायात यायला लागतं. त्या टेबलाखाली, चिंध्यांवर, शाळा सुटली की इरा बसते. ती तिथे बसून रंगवते, असा माझा समज होता.

*

दुकानाचे कटर म्हणजे गायकवाड मास्तर. रोज आंबिवलीहून येतात. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला निळं पेन, कानावर खडू. तीस वर्षं कापड कापतायत. त्यांची एक पद्धत आहे. ट्रायलला आलेल्या प्रत्येक बाईला ते तीन गोष्टी करायला लावतात. "हात वर. बसा. वाका." तिन्ही जमलं, कुठे धरलं नाही, तरच कपडा पास. नवरी असो नाहीतर नवरीची आजी, सूट नाही.

त्यामुळे फॅशन शो बघतानाही त्यांचा प्रश्न एकच असतो.

एकदा पॅरिसच्या कुठल्यातरी शोमधल्या ड्रेसचा फोटो घेऊन एक बाई आल्या. बाह्या म्हणजे अक्षरशः दोन लोड! भाच्याच्या हळदीला तसाच पाहिजे म्हणाल्या.

मास्तरांनी फोटो लांब धरून बघितला. "बसता येईल का?"

"येईल की!"

"रिक्षात?"

बाई चिडल्या. मास्तरांनी बाह्या शिवून दिल्या. आठवड्याने बाई पेढे घेऊन आल्या. "सगळे माझ्याकडेच बघत होते हो मास्तर! फक्त ह्यांना मागच्या रिक्षातनं यावं लागलं."

*

भारतीताई मूळच्या इथल्याच. त्यांच्या सासऱ्यांचं खाडीकडे मिठागर होतं, आता तिथे बिल्डिंगा आहेत. ताई दुकानात बसतानाही गळ्यात, हातात, कानात सगळं घालून बसतात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की टीव्हीवर फॅशन शो लावायचा आणि त्यावर बोलायचं हा त्यांचा विरंगुळा.

"यांना कोनी हसू नको सांगितलाय काय गो?" त्यांनी मला एकदा विचारलं. रॅम्पवरून एकामागून एक पोरी गंभीर चेहऱ्याने येत होत्या.

मी सुशिक्षित असल्यामुळे उत्तर देणं भाग होतं. मी म्हटलं, "ताई, कपड्याकडे लक्ष जावं म्हणून चेहरा कोरा ठेवतात."

"कोरा कुठं? ही तर रडाला आलीय."

मास्तरांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले आणि परत मशीनवर येऊन बसले. "मुंढा धरलाय तिचा. काखेत कापतंय. कोण हसेल?"

त्या दिवसापासून आम्हाला रॅम्पवरची एकही मुलगी गूढ वाटेनाशी झाली.

आणखी एक. अवॉर्ड फंक्शनच्या रेड कार्पेटवर एक मोठी हिरोईन आली. काळा गाऊन, गळ्यात काही नाही. मी म्हटलं, "किती एलिगंट!" ताई हळहळल्या. "हीला आपले हलदीला बोलवा गो कोनीतरी. जेवल तरी पोटभर!"

टेबलाखालून इराने विचारलं, "त्या जेवत नाहीत?"

मी म्हटलं, "जेवतात गं. बेताने." आणि चित्र काढत राहिले. हे उत्तर मला नंतर फार महागात पडलं, असं मला वाटत होतं.

*

आमच्याकडे हातकामाला रूपाली आहे. बावीस वर्षांची, डोंबिवलीची. कुठल्या हिरोइनीने कुठल्या एअरपोर्टवर काय घातलेलं, हे तिला तोंडपाठ. एक दिवस तिने स्वतःसाठी एअरपोर्ट लुक शिवला. फिक्कट आकाशी, सैल शर्ट, सैल पँट, एकाच कापडाची.

"कसला कडक दिसतोय ना मॅडम? एकदम रिच!"

मी कडक म्हटलं. मला आवडला पण होता. माझं काय, मला समोरच्या माणसाला आवडलं की आवडतं.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत आली. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने तिला बघून रांगेतली माणसं बाजूला केली, हाताला धरून बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, कुठल्या वॉर्डातून आलात? घरच्यांना फोन केलाय का?"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? बसले! रांग मोठी होती."

*

आता माझा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

मीसुद्धा एका हिरोइनीचा कुर्ता बघून तसाच शिवायला टाकला. माप द्यायला उभी राहिले आणि टेप कमरेशी आल्याबरोबर पोट आत घेतलं. आपोआप झालं. मास्तर टेप धरून थांबले. मी पोट धरून थांबले. पंखा फिरत होता. भारतीताई टीव्हीकडे बघत असल्याचं दाखवत होत्या.

शेवटी मास्तर शांतपणे म्हणाले, "श्वास सोडा मॅडम. मी सहापर्यंत आहे इथेच."

रूपाली बाहेर जाऊन हसून आली. इरा टेबलाखालून डोकं काढून माझ्या पोटाकडे बघत होती. नंतर, त्या झोप न आलेल्या दिवसांत, मला तिचे ते डोळे सारखे दिसायचे. मुलीच्या मनात हे विष मीच कालवलं, दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावायचा!

*

नवरीचा किस्सा मात्र दुकानात अजून गाजतोय.

कल्याणची मुलगी. एका हिरोइनीच्या लग्नातला ब्लाऊज हुबेहूब पाहिजे होता. मागे सतरा हुक, अंगाला चिकटून. मी चित्र काढलं, मास्तरांनी माप घेतलं, ट्रायल तीन आठवड्यांनी ठरली. त्या तीन आठवड्यांत पोरीची अकरा केळवणं झाली. मामा, मावशी, आत्या, शेजारी, ऑफिस, क्लासच्या मॅडम. प्रत्येक ठिकाणी श्रीखंड-पुरी नाहीतर बासुंदी, आणि 'अगं घे, आता तिकडे कोण आग्रह करणारे!'

ट्रायलच्या दिवशी सतरापैकी चार हुक लागले.

नवरीच्या आईने मास्तरांनाच धारेवर धरलं. "माप चुकलं तुमचं!"

मास्तरांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "माझं माप चुकत नाही, बाई! माप घेतलं म्हणजे शब्द दिला. माप दिल्यापासून ट्रायल होईपर्यंत जेवण बेताने ठेवायचं. ट्रायल पास झाली की मग खुशाल जेवा! माझं काही म्हणणं नाही!"

दुकान चिडीचूप. टेबलाखालीसुद्धा.

मास्तरांनी मग बगलेत पट्ट्या घालून ब्लाऊज वाढवून दिला. पट्टी आहे हे कुणाला दिसलंही नाही. लग्नाचे फोटो दाखवायला नवरी स्वतः आली, तेव्हा मास्तरांनी एवढंच विचारलं, "जेवायला बसता आलं ना?"

*

यानंतरच आमच्या सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम आला. कल्चरल कमिटीने लहान मुलांचा फॅशन शो ठेवला. थीम, 'सेलिब्रिटी लुक'. मी नाव देणार नव्हते. मग सगळ्यांनी दिलं, तेव्हा वाटलं की न देऊन आपण मुलीचं नुकसान तर करत नाही? दिलं.

इराने दुकानातल्या टीव्हीवरचा एक पिवळा गाऊन पसंत केला, खांद्यावर भलंमोठं फूल असलेला. सोमवारी मास्तरांनी तिचं माप घेतलं, मोठ्या बाईसारखं, वहीत नाव लिहून. ट्रायल शुक्रवारी. कार्यक्रम रविवारी.

मंगळवारी डबा अर्धा परत आला. बुधवारीही. रात्री एक पोळी, तीही अर्धी. "अजून घे ना गं, तुझी आवडती बटाट्याची भाजी आहे." "आत्ता नको." बुधवारी रात्रीच तो जाड झाल्याचा प्रश्न आला. गुरुवारी शाळेतल्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "ती अर्धं खाऊन डबा बंद करते. 'मला चालत नाही' म्हणते."

चालत नाही! सात वर्षांची पोर!

मग मी भाषण तयार केलं. मोबाईलवर चार लेख वाचले, मुद्दे काढले. शुक्रवारी तिला समोर बसवून सांगितलं की सगळी शरीरं सुंदर असतात, टीव्हीवरच्या बायकांचं ते काम असतं, आणि आईने माप देताना पोट आत घेतलं ती आईची चूक होती.

इराने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर आज आले नाहीत ना?"

मास्तर आले नव्हते. त्यांना ताप होता. ट्रायल झालीच नाही.

शनिवारी तिने वरणभाताचे चार घास खाल्ले. मी रूपालीला फोन करून म्हटलं, आता मी दुकानात यायचं बंद करते. भारतीताईंनी फोन काढून घेतला. "पोर बारीक झालीय म्हनून दुकान सोरतेस? तिला इकडं आन, मी भरवते!" मी म्हटलं, ताई, तसं नाही ते, मानसिक आहे. ताई म्हणाल्या, "मग तर दोनदा भरवते."

*

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये गणपतीत अंथरतात ती लाल चटई रॅम्प म्हणून अंथरली होती. कडेला जेवणाची टेबलं लावलेली. भारतीताई आणि रूपाली माझ्याआधी येऊन पुढे बसल्या होत्या.

इराचा नंबर तीन मुलांवर आला आणि गाऊनचा पत्ता नाही. एवढ्यात मास्तर आले. मफलर गुंडाळलेला, हातात पिशवी. घरी मशीनवर बसून शिवला म्हणाले. मी तिथेच पडद्यामागे तिला गाऊन घातला. मास्तरांनी खांद्यावरचं फूल सरळ केलं आणि ओशाळून म्हणाले, "इराताई, माफ करा हं. ट्रायल राहिली तुमची."

इरा गंभीरपणे म्हणाली, "करते."

तिचं नाव पुकारलं. म्युझिक सुरू झालं. तिच्या आधीची पोरं हात हलवत, उड्या मारत गेली होती. एक क्रिकेटर, दोन हिरोईन, एक झोपाळू सुपरस्टार. इरा निघाली ती चेहरा अगदी कोरा ठेवून. मला वाटलं, आता ही मधेच थांबणार, रडणार, आणि सगळी सोसायटी म्हणणार की ही आईच तशी आहे.

ती मधे थांबली नाही. चटईच्या टोकाला जाऊन थांबली.

तिने दोन्ही हात वर केले. तसेच धरून ठेवले. टाळ्या वाजवणारे थांबले. मग तिने गाऊन सावरला आणि चटईवर चक्क मांडी घालून बसली. म्युझिकवाल्याने गाणं बंद केलं. मग ती पुढे वाकली, कपाळ जमिनीला लागेपर्यंत. उठली. खांदे एकदा हलवून बघितले.

मागून कुणीतरी म्हणालं, "योगा करतेय का?" भारतीताईंनी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो उभा राहिला आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसला.

कमिटीच्या मॅडम माइक घेऊन धावल्या. "वा, वा! काय युनिक आहे! सांग बेटा, ही कुठल्या सेलिब्रिटीची स्टाईल?"

इराने माइक हातात घेतला. मॅडमकडे तिने बघितलंच नाही. दाराशी मफलरमध्ये उभ्या असलेल्या मास्तरांना शोधलं.

"मास्तर, कुठेच धरत नाही. बसता पण येतं."

मास्तरांनी मान हलवली. "पास!"

मग तिने मला शोधलं आणि माइकमध्येच म्हणाली, "आई, झाली ट्रायल! आता जेवू?"