नलिनीताई आणि आमचं रेडिओवरचं भांडण

नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा ती रेडिओवर माझ्याशी भांडत होती. सकाळी दुकान उघडून मी काउंटर पुसत होते. फळीवरचा रेडिओ नेहमीसारखा चालू होता आणि त्यातून तिचा खणखणीत आवाज येत होता, "मंगल, पातळ बुडाची भांडी विकून झोप लागते का गं तुला?" त्यावर रेडिओतली मी काहीतरी तिखट उत्तर देणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. तिची लेक कविता पनवेलच्या हॉस्पिटलातून बोलत होती. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली. रस्त्यापलीकडच्या तिच्या दुकानाचं शटर बंद होतं. आमची ती जुनी जाहिरात मात्र संपली नव्हती, आम्ही दोघी त्यात मोठमोठ्यानं हसत होतो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण होतं उलटंच. सगळं आठवताना पुन्हा तोच उत्साह अंगात चढतो, हात भराभर चालतो... तिच्याबरोबरची वर्षं होतीच तशी.

कर्जतच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान सासऱ्यांच्या वेळचं. माझे यजमान नोकरीला, त्यामुळे दुकान मीच बघते. एक दिवस बरोबर समोरच्या गाळ्यावर नवीन पाटी चढली, आणि तीही भांड्यांचीच! नलिनीताईचे मिस्टर रसायनीच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी हे दुकान घातलं होतं. पुढे वर्षभरातच ते वारले आणि नलिनीताई गल्ल्यावर बसू लागली. मूळची खालापूरकडच्या खेड्यातली, उंच, सावळी, आवाज असा की भर बाजारात तिनं रिक्षाला हाक मारली तर दोनतीन रिक्षा एकदम थांबाव्यात. दुकानात शिरताच समोर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली चकचकीत हंड्यांची उतरंड. सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला "जय भीम" करायची, मला सोडून. मीही तिच्याकडे बघायचे नाही. ती बादल्या दाराबाहेर टांगायची, मी परडीभर चमचे रस्त्यापर्यंत आणून ठेवायचे. गिऱ्हाईक तिच्या पायरीवर उभं असलं की मी इकडून ओरडायचे, "ताई, इकडे बघून तरी जा!" आणि तिकडून लगेच उत्तर यायचं, "बघा बघा, अन् परत हिकडंच या!" अशी कितीतरी वर्षं गेली.

मग गिऱ्हाईकच आटलं. लग्नाची भांडी लोक पनवेलच्या मॉलमधून आणू लागले, मिक्सरपासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळं मोबाइलवर मागवू लागले. भरल्या दुपारी आम्ही दोघी आपापल्या गल्ल्यावर समोरासमोर बसलेल्या, मध्ये मोकळा रस्ता, आणि ज्याच्यावरून भांडायचं ते गिऱ्हाईकच नाही. त्या वर्षी माझ्या यजमानांनी सरळ सांगितलं, "गाळा भाड्यानं देऊन टाक." मी ऐकून घेतलं आणि त्या रात्री जेवले नाही.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या छोट्या एफएम केंद्रातली प्रणिता जाहिरात मागायला आली. हे केंद्र म्हणजे पळसदरीच्या रस्त्याला एका इमारतीतल्या दोन खोल्या. कर्जत-खालापुरात नीट ऐकू येतं, माथेरानला वारा असेल तसं. प्रणिता विशीतली, गोड बोलणारी. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "बाळा, रेडिओ कोण ऐकतं आता?" नलिनीताईनं मात्र जाहिरात दिली. प्रणिताच्या मऊ आवाजात, मागे सतार, "दर्जेदार स्टीलची भांडी, वाजवी दर..." मी मनातून धास्तावले, पण महिना झाला तरी तिकडे कोणी फिरकलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका दुपारी ती रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उभीच राहिले. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ऐक गं मंगल. त्या पोरीचा आवाज लई गोड हाय, म्हणून कुणी ऐकत नाय. आपलं भांडण मात्र अख्खी गल्ली ऐकते. खर्च निम्मा निम्मा घालू अन् रेडिओवर भांडू."

"काय?"

"भांडू गं. रोज भांडतो तसंच. तू माझ्या मालाला नावं ठेव, मी तुझ्या ठेवते. लोकांना वाटलं पायजे, बघून तरी येऊ कोण खरं बोलतंय ते."

मी म्हटलं, "आणि लोक फक्त तुमच्याकडे गेले तर?"

"समोर दुकान हाय तुझं. तिथून ओरड की! इतकी वर्षं काय केलंस?"

मला इतकं हसू आलं की मी गल्ल्यावर डोकं टेकलं. त्या दिवसापासून अहोजाहो संपलं.

रेकॉर्डिंगला ती रिक्षात भांडी घालून निघाली. तिचं पातेलं, माझं पातेलं, दोन झारे. प्रणिता म्हणाली, "ताई, भांड्यांचे आवाज आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये आहेत." नलिनीताईनं मान हलवली. "ते कुणाच्या दुकानातलं हायत? माझ्या पातेल्याचा आवाज माझ्या पातेल्यातूनच येनार." माइक समोर आला आणि माझी बोबडी वळली. तीन वेळा चुकले. चौथ्यांदा तिनं हळूच मला कोपर मारलं आणि लिहिलेलं सोडून भलतंच म्हणाली, "काय गं, तुझ्या सासऱ्यांच्या वेळचा माल अजून संपला नाय वाटतं!" मला असा राग आला की कुठला माइक आणि कुठली भीती! मी जे सुटले... ते तिनं झाऱ्यानं पातेलं बडवेपर्यंत थांबलेच नाही. आधी माझं पातेलं, मग तिचं. "ऐकला फरक?" मी म्हटलं, "आवाजानं भात शिजतो का गं?" ती म्हणाली, "शिजत नाय, पण पातळ बुडाला लागतो!" काचेपलीकडे प्रणिता पोट धरून हसत होती. शेवटी तिनं एकच वाक्य जोडलं, "कर्जत बाजारपेठ, दुकानं समोरासमोर. दोन्हीकडे बघा, मग ठरवा."

जाहिरात लागली त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग बाजाराच्या दिवशी कडावकडच्या काही बायका टेंपोतून उतरल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "त्या भांडनाऱ्या बाया कुटल्या?" नलिनीताई तिकडून आणि मी इकडून एकाच वेळी ओरडलो, "आमीच!" त्यांनी दोन्ही दुकानांत पातेली वाजवून बघितली. एकीनं माझ्याकडून डबे घेतले, दुसरीनं तिच्याकडून हंडा. त्या गेल्यावर आम्ही दोघी आपापल्या पायरीवर उभ्या राहून वेड्यासारख्या एकमेकींकडे बघत होतो. मला तर नाचावंसं वाटत होतं.

त्यानंतर कळलं रेडिओ कोण ऐकतं ते. ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात ते सगळे ऐकतात. शिवणाच्या मशीनवरच्या बायका, रिक्षावाले, कारखान्याच्या कॅन्टीनमधले आचारी, माथेरानच्या हॉटेलांत भाजी चिरणारे. तिथल्या एका हॉटेलचा माणूस खाली उतरून मोठी पातेली घेऊन गेला, आणि जाताना त्यानं आम्हाला दोघींना दारात उभं करून भांडायला लावलं! पूर्वी मी पेपरात घालून वाटलेलं पत्रक लोक रद्दीत टाकायचे. हा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. शिवाय हवी तेव्हा जाहिरात बदलता यायची. गणपतीच्या आधी मोदकपात्र, शाळा उघडायच्या आत डबे. नलिनीताईनं आणखी एक युक्ती काढली. दर नव्या जाहिरातीत एका गावाचं नाव घ्यायचं. "चौकच्या सुना हुशार, त्या माझ्याकडंच येतात." की त्या आठवड्यात चौकच्या बायका हजर. बाकीच्या गावांचे निरोप यायचे, आमचं नाव कधी घेता? पुढे शिलाईवाली, रोपवाटिकेवाला, खानावळवाल्या मावशी, सगळे तिच्याकडे सल्ला मागायला येऊ लागले. ती सगळ्यांना एकच सांगायची, "स्वतःच्या तोंडानं बोला. लोक आवाज ओळखतात, मग मानूस बघायला येतात."

एकदा ती जोशात रेडिओवर बोलून गेली, "कुकरची शिट्टी बिघडली तर माझ्याकडं या, फुकट बसवून देते." आमच्याकडून घेतलेल्या कुकरची, असं म्हणायचं राहूनच गेलं. एक बाई मोबाइलवर मागवलेला कुकर घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "हिला परत पाठव, नाहीतर रांग लागेल." नलिनीताईनं कुकर हातात घेतला. "दोन तालुक्यांनी ऐकलंय मंगल. रेडिओवर बोललेलं मागं घेता येत नाय." शिट्टी बसवून दिली. रांग खरंच लागली. आणि त्या रांगेतली निम्मी माणसं जाताना काही ना काही घेऊन गेली... तिच्याकडून नाहीतर माझ्याकडून. माझ्या यजमानांनी गाळा भाड्यानं द्यायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

गेल्या वर्षापासून तिला धाप लागू लागली. हृदयाचं दुखणं निघालं. या लग्नसराईची जाहिरात करताना ती खुर्चीत बसूनच बोलली, शब्दाशब्दाला थांबत. प्रणिता म्हणाली, "ताई, बरं वाटल्यावर पुन्हा करू." "राहू दे गं," ती म्हणाली, "भांडताना मानसाला धाप लागतेच." मी भांडणात जरा नरम पडले, तर माइक चालू असतानाच तिनं डोळे वटारले. मग मीही आवाज चढवला. तेवढंच तिला हवं होतं.

तिच्या नावानं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप अपुरा पडला. कितीतरी माणसं अशी होती की ज्यांनी तिला फक्त ऐकलं होतं. केंद्रानं जाहिरात थांबवली, तर तिथं फोन येऊ लागले, "त्या दोघींचं भांडण मिटलं काय?" शेवटी मीच जाऊन रेडिओवर सांगितलं, की नलिनीताई गेली, आणि भांडण काही मिटलेलं नाही.

कविता रसायनीला नोकरी करते. दुकान चालवणं आपल्याला जमणार नाही, असं ती म्हणत होती. एक मोबाइलवाला गाळा बघायला येणार होता. पण समोर ते दुकान नसेल तर मी इथं बसून काय करू, हे मला सुचेना. परवा ती किल्ल्या घेऊन आली, शटर वर केलं. नेमक्या तेव्हाच डोंगराकडच्या गावातल्या मायलेकी माझ्या पायरीवर आल्या. लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी जाहिरात ऐकली होती, पुढचं काही त्यांच्या कानावर आलं नव्हतं. आई म्हणाली, "त्या दुसऱ्या ताई कुटं हायत? दोन्हीकडं बघून घेनार आमी." मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मग मी माझं दुकान तसंच उघडं टाकलं, रस्ता ओलांडला आणि त्यांना घेऊन नलिनीताईच्या दुकानात शिरले.

सगळं तिनं ठेवलं होतं तसंच होतं. मोठ्या भांड्यांची तोंडं रस्त्याकडे, वाट्या हाताला येतील अशा, गल्ल्यामागच्या खुंटीवर तिचा पुसायचा पंचा. कविता कोपऱ्यात उभी होती. मीच हंडे काढले, ताटं मांडली, भाव सांगू लागले. आई म्हणाली, "हे चांगलं का तुमच्या दुकानातलं?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माझ्याकडचं जास्त टिकतं."

"काही नाही टिकत!" मागून आवाज आला. कविता पुढे आली होती, कान लाल झालेले, तिनं तो पंचा उचलून हंडा खसाखसा पुसला आणि माझ्यासमोर आपटला. "मावशी, तुमचे हंडे पातळ आहेत. आईनं मला कधीच सांगून ठेवलंय!"

मायलेकी टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. मी पदर खोचला, तिच्या आईच्या दुकानात उभी राहून तिच्या आईच्या हंड्याला बोट लावलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी भांडायला लागले.