क्लेमेंटच्या मडक्यातली झुरळं

कुर्ल्याच्या गावठाणात क्लेमेंटला ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण त्याच्या घरी निर्धास्तपणे चहा पिणारे फार थोडे. क्लेमेंट रेल्वेच्या कारशेडमध्ये डबे रंगवायचा, चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, चुकवायचा नाही, आणि पलंगाखाली झुरळं पाळायचा. झुरळं काय, सगळ्यांच्याच घरात असतात. पण ती आपली आपण राहतात. क्लेमेंटची झुरळं मुद्दाम ठेवलेली, खाऊनपिऊन सुखी होती.

डालड्याचा मोठा डबा, आत करवंट्या आणि वर्तमानपत्राच्या सुरळ्या. खायला गव्हाचा कोंडा, भोपळ्याची सालं, गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापूस. डब्याच्या तोंडाला आतून चार बोटं खोबरेल तेल. झुरळ मोठ्या ऐटीत वर चढायचं, तेलावर पाय ठेवायचं आणि सुर्रकन घसरून पुन्हा करवंटीत. क्लेमेंट हे तासन्‌तास बघायचा.

मूळ कारण होतं एक पाखरू. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या भिंतीखाली त्याला दयाळाचं पिल्लू सापडलं होतं, अंगावर धड पीसही नसलेलं. भात दिला, थुंकलं. सातूचं पीठ दिलं, थुंकलं. तेवढ्यात जमिनीवरून एक बारकं झुरळ धावलं, तर पठ्ठ्यानं मान लांब करून ते मटकावलं. टोळ काय, पावसाळ्यात मिळतात, झुरळ बारमाही. डबा आला तो तेव्हापासून. पाखराचं नाव ठेवलं बेसिल, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गाणाऱ्या बेसिलवरून. तो माणूस सहा महिने क्लेमेंटशी बोलला नाही.

पण रोज चारा काढता काढता क्लेमेंटला चाऱ्याचाच नाद लागला. मादी आपली अंडी चवळीच्या दाण्याएवढ्या तपकिरी पाकिटात भरून शेपटाशी धरून हिंडते, आणि नीट जागा पाहून चिकटवते, हे त्यानं पाहिलं. माणसाचं बोट लागलं की झुरळ बाजूला जाऊन आपल्या मिशा तोंडातून ओढून स्वच्छ करतं, हेही पाहिलं. हे तो कारशेडमध्ये सांगायचा, "आपण त्यांना घाण म्हणतो. ती आपल्याला काय म्हणत असतील?"

मागच्या खोलीत लवू भाड्यानं राहायचा. मालवणचा, गिरणीत कामाला. सकाळी तोंडात राखुंडीचं बोट घालून तो दारात उभा राहायचा.

"काय रे क्लेमेंटा, ढोरांक पाणी दाखवलंस काय?"

"दाखवलं."

"मेल्या, लोकां म्हशी पाळतत, दूध गावता. तुका काय गावता?"

"माका गाणा गावता," क्लेमेंट त्याच्याच सुरात म्हणायचा, आणि पिंजऱ्यातून बेसिल अशी काही लांब शीळ ओढायचा की लवू राखुंडी गिळायचा.

क्लेमेंटची बायको कॉन्सेप्टा मात्र गेल्या दोन वर्षांत त्या डब्यात एकदाही डोकावली नव्हती. पलंगाखाली झाडताना ती डोळे मिटून झाडायची.

चोपन्न सालच्या मे महिन्यात त्यांच्या मुलीचं, कार्मेनचं लग्न ठरलं. दारात मांडव पडला. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी उंबराचं पाणी. म्हणजे घरच्या बायका बाजा लावून, गात-नाचत विहिरीवर जाणार, कोऱ्या मडक्यांतून पाणी आणणार आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालणार. आणि नेमके त्याच दिवशी सकाळी मलेरियावाले येऊन ठेपले, पाठीवर पंप बांधून.

त्यांचा मुकादम चंद्रप्रकाश. आवाज असा, की बहिऱ्यानंही घर सोडावं. "चला चला! भांडी बाहेर, गाद्या बाहेर, माणसं बाहेर, देव बाहेर!"

"आमचा देव भिंतीला हाय," कॉन्सेप्टा म्हणाली.

"तर भिंत सोडून बाकी सगळं बाहेर! डीडीटी आहे बाई, एक झुरळ जिवंत राहणार नाही!"

क्लेमेंटच्या हातातली खुर्ची तिथंच थांबली. मागच्या वर्षी फवारा मारून गेले, तेव्हा डबा अंगणात ठेवला म्हणून वाचला होता, पण शेजारच्या मांजरीनं उताणी पडलेली झुरळं खाल्ली होती आणि दोन दिवस थरथरत राहून ती मेली होती. आता घरातलं, शेजारचं, गटारातलं, कुठलंच झुरळ बेसिलला चालणार नव्हतं. डब्यातली वाचली तर पाखरू वाचणार. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि कॉन्सेप्टानं आधीच बजावलं होतं, "लग्नात तो डबा कुणाला दिसला ना, तर डब्याबरोबर तूपण बाहेर!"

मांडवामागं फणसाखाली पाण्याची कोरी मडकी नेऊन ठेवली होती. फवारा उडू नये म्हणून कॉन्सेप्टानं त्यांच्या तोंडांना लाल फडकी बांधलेली. क्लेमेंटनं एक जादा मडकं उचललं, आडोशाला जाऊन सगळा संसार, करवंट्यांसकट, त्यात ओतला, फडकं बांधून त्याला दाभणानं भोकं पाडली आणि मडकं रांगेत शेवटी ठेवून दिलं. लग्नाच्या मडक्यांना संध्याकाळपर्यंत कोण हात लावतो? बेसिलचा पिंजरा त्यानं वरच्या फांदीला टांगला आणि तो बाजेवाल्यांना आणायला कलिन्याला गेला. चारा घालायचं राहून गेलं.

कलिन्यात बाजेवाल्यांचं जेवण लांबलं, परत यायला पाच वाजले. बायका नटून ताटकळलेल्या. बाजा दिसताच मडकी डोक्यावर चढली आणि मिरवणूक सुटली. क्लेमेंट फणसाखाली गेला, तर जमीन रिकामी. वर बेसिल पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला.

क्लेमेंट धावला. मडकी सगळी सारखी, पण दाभणाची भोकं एकाच फडक्याला. आणि ते मडकं होतं सगळ्यांच्या पुढं, त्याच्या बहिणीच्या, एथेलच्या डोक्यावर. एथेल कुजबुजली तरी कलिन्याला ऐकू जायचं. ती विहिरीच्या काठावर पोचली होती.

"एथेल, ते मडकं दे इकडं."

"हट! बाप्यानं हात लावायचा नाय!"

"गळकं हाय ते."

"गळकं? टिचकी मारून घेतलंय मी बाजारात!" तिनं मडकं खाली उतरवून टिचकी मारली. टण्ण वाजायच्या जागी आतून खसखस झाली. तिनं कान लावला. "आरं, आत कोण चालतंय?"

फडक्याची एक कड तिनं सोडली. दोन लांब मिशा बाहेर आल्या आणि हवेचा अंदाज घेऊ लागल्या.

बाजा थांबला होता. मागच्या बायका माना उंचावत होत्या. क्लेमेंट तिच्या कानाशी म्हणाला, "ओरडू नको, बाय. पाखरू सकाळपास्नं उपाशी हाय. घरात फवारा मारलाय. एवढीच राहिलीत आता."

एथेलनं बोटानं मिशा आत ढकलल्या. मग जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली, "मी बुडवलंच असतं रं आता." फडक्याची गाठ तिनं करकचून बांधली आणि नेहमीच्या आवाजात गरजली, "हे मडकं नवरीच्या बापाच्या डोक्यावर जाणार!"

"अशी रीत कधीपास्नं?" एक म्हातारी म्हणाली.

"आजपास्नं! वाजवा रे!"

पाणी भरून मिरवणूक परत निघाली, ती डोक्यावर मडकं घेतलेल्या बाप्यासकट. बायका त्याला आग्रह करकरून नाचवत होत्या, आणि क्लेमेंट असा नाचत होता की कमरेखाली बाजा आणि मानेवर मिस्सा. मान हलली तर करवंट्यांखाली पिल्लं चेंगरतील. लवू रस्त्याच्या कडेला पोट धरून उभा होता. "शाबास रे क्लेमेंटा! ढोरां वरातीत!"

घरी येताच त्यानं मडकं फणसाखाली ठेवलं, फडकं सोडलं, बांबूच्या चिमट्यानं एक बारकं झुरळ उचलून पिंजऱ्यात धरलं. बेसिलनं मान वळवली. क्लेमेंटनं चिमटा अगदी चोचीशी नेला. काही नाही. अख्खा मांडव मागं येऊन उभा होता. झुरळानं चिमट्यात पाय झाडले, आणि बेसिलचा डोळा उघडला. टच्‌कन चोच लागली. गिळून होतंय तोच पंख थरथरवत त्यानं पुन्हा तोंड वासलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं.

"शी! शी! शी!" कॉन्सेप्टा गर्दीतून वाट काढत आली. "माझं मडकं! लग्नाचं कोरं मडकं!" ते उचलून फेकायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अरे कार्मेनच्या पापा, हे एक पांढरं का? पीठ पडलं काय याच्यावर?"

"पीठ नाय. आत्ताच कात टाकली त्यानं. अंग मऊ असतं अजून. घटकाभर बघ, हळूहळू रंग चढेल."

"आपोआप?"

"आपोआप."

आतून एथेल ओरडली, "अगो कॉन्सेप्टा, नवरी बसलीय ना पाटावर! पाणी कोण ओतणार?"

"आले, आले. जरा थांबा," कॉन्सेप्टा म्हणाली, आणि लुगडं आवरून मडक्यापाशी खाली बसली.