कान तुटलेला कप

शशी गेल्याची बातमी खापरखेड्याहून तिच्या भावाने आणली, तेव्हा मी रडले नाही. रडू आलं ते नंतर, सीताबर्डीतल्या शोकसभेत, आणि तेही संतापाने. आमचे कॉलेजातले समाजशास्त्राचे सर बोलायला उभे राहिले. केस पांढरे झालेत, आवाज तसाच गोड. म्हणाले, "शशिकला माझी लाडकी विद्यार्थिनी. आमच्याकडे यायची, चहा घ्यायची, अगदी घरच्यासारखी..." लोकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, सर, चहाचा विषय तुम्हीच काढलात, आता तो पुरा होऊ द्या.

साठचं दशक सरत होतं. शशीला प्राध्यापक व्हायचं होतं, दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी सरांनी प्रत्येकाला एकेक पाहणी दिली. शशीच्या घरच्यांनी छप्पनला दीक्षा घेतलेली, म्हणून सर तिला म्हणाले, "तू तुमच्या वस्तीतल्या बदललेल्या चालीरीती लिही. तुला घरचंच आहे, सोपं जाईल." ती म्हणाली, "घरचं मले माहीत आहे सर. मले महाल पेठेतल्या घरांचा पाहुणचार पाहायचा आहे." सर हसले आणि हो म्हणाले. त्यांना गंमत वाटली असेल.

आम्ही दोघी सायकलींवर हिंडायचो. भोसल्यांच्या काळापासून महालात राहिलेली घरं, आता कारकून-वकिलांची. शशी विचारायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांत तुमच्याकडे भेद करतात काय? उत्तर ठरलेलं, छे, आता कुठलं ते. मग आडनावं विचारली जायची आणि चहा यायचा. माझं आडनाव चालायचं, म्हणून मला बशीसकट फुलाफुलांचा कप. तिला ओसरीच्या कोनाड्यातला, कान तुटलेला. पिऊन झाल्यावर तो तिने विसळून पालथा घालायचा, हे कोणी तोंडाने सांगत नसे, नुसते उभे राहून वाट पाहत. शशी कप विसळायची आणि शांतपणे विचारायची, "काकू, हा मी नेऊ काय?" एकाही घराने नाही म्हटलं नाही. त्यांच्या तो काय कामाचा? सरांचं घरही महालातलंच, त्यांच्या पत्नीने तर वर कागदात गुंडाळून दिला. मी धुमसत सायकल हाणत होते, तर ही म्हणते, "तू काहून चिडून राहिली वं? मी तर अभ्यास करून राहिली."

तोंडी परीक्षेच्या दिवशी तिने टेबलावर सगळे कप मांडले आणि कँटीनच्या किटलीतून चहा ओतला. बाहेरगावचे परीक्षक भले गृहस्थ, त्यांनी मजेत घोट घेतला आणि विचारलं, "यांचे कान कुठं गेले?" शशीने हिरव्या काठाचा कप सरांपुढे सरकवला. "घ्या ना सर. तुमच्याच घरचा आहे." सर कपाकडे पाहत राहिले... चहावर साय धरली, पण त्यांचा हात काही पुढे आला नाही. "माझी पाहणी झाली," ती म्हणाली.

सरांनी 'पुरावा अपुरा' असा शेरा मारला आणि पासापुरते गुण दिले. एम.ए.चा प्रवेश तिथेच बुडाला. जिने वर्ग गाजवले असते, तिचा जन्म खापरखेड्याच्या वीज केंद्रात आवक-जावक लिहिण्यात गेला. मी कधी सरांचं नाव काढून शिव्या घातल्या की म्हणायची, "जाऊ दे वं. त्याईले तो कप आठवत असन, तेवढं पुरे." तिला पुरत असेल. मला पुरत नाही, आणि शोकसभेपासून तर मुळीच नाही.

तो हिरव्या काठाचा कप शेवटपर्यंत तिच्या ऑफिसच्या टेबलावर होता, पेन्सिली ठेवायला. भावाने तो मला आणून दिला. मी राखेने लख्ख घासून ओसरीत ठेवलाय. सर, हे छापणारी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी तुमच्याकडे येते, हे मला ठाऊक आहे. माझं घरही तुम्हाला माहीत आहे. या एकदा चहाला, अगदी घरच्यासारखे. पिऊन झालं की कप विसळून पालथा घाला. मी सांगणार नाही, नुसती उभी राहीन.